श्रद्धेच्या प्रश्नावर सभा घ्यायची तर

सरकारी शाळेत सकाळची प्रार्थना असावी का, आणि असली तर कोणती? प्रार्थनास्थळाचा आवाज किती वाजेपर्यंत चालावा? गर्भपाताचा कायदा कसा असावा? असा एखादा प्रश्न जाहीर चर्चेला आला की पहिल्या दहा मिनिटांत सभा दुभंगते. उरलेला वेळ जो तो आपल्याच बाजूच्या टाळ्यांसाठी बोलत राहतो. शेवटी संयोजक उठतो, 'आपण सगळे आधी माणसं आहोत' छापाचं काहीतरी बोलतो आणि आभार मानून मोकळा होतो.

यातलं बरंचसं टाळता येतं. येणारी माणसं समंजस असतील या भरवशावर मात्र राहू नका. प्रश्न कसा मांडला, कोण कोणाशेजारी बसलं, कोणाला किती मिनिटं मिळाली आणि शेवटी कागदावर काय उतरलं, यावर सभेचा सूर ठरतो. समंजस माणसंही वाईट रचलेल्या सभेत भांडतात.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. 'श्रद्धा दाराबाहेर ठेवून या' असं कोणालाही सांगू नका. ते कोणाला जमत नाही, आणि ज्यांना सांगितलं जातं ते पुढच्या वेळी येत नाहीत. मग खोलीत एकाच मताची माणसं उरतात आणि चर्चा फार छान झाली असं त्यांना वाटतं.

खालची पद्धत २४ माणसं आणि अडीच तास धरून दिली आहे. आठ-आठ जणांची तीन टेबलं, टेबलामागे एक संचालक आणि एक टिपणं घेणारा, आणि सगळ्यांवर एक मुख्य संचालक. म्हणजे व्यवस्थेलाच सात माणसं लागतात. ती नसतील तर एकच टेबल करा, पण संचालकालाच टिपणं घ्यायला लावू नका. लिहिताना मान खाली जाते आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी कोणालातरी टोमणा मारून जातं.

प्रश्न आधी वेगळा करा

श्रद्धेचा म्हणून आलेला प्रश्न बहुतेक वेळा चार प्रश्नांची मोळी असतो. ध्वनिक्षेपकाचंच घ्या. आवाज किती डेसिबल आहे, हा मोजायचा प्रश्न. कायद्याची मर्यादा किती, हा बघायचा प्रश्न. झोप आणि उपासना यांत कोणी कोणासाठी किती सोसावं, हा मूल्यांचा प्रश्न. आणि 'आमचाच आवाज का खुपतो', हा मानाचा प्रश्न. चौघांची सरमिसळ झाली की डेसिबलबद्दल विचारलेल्या प्रश्नाला मानाच्या भाषेत उत्तर येतं आणि मानाच्या प्रश्नावर कोणीतरी कलम वाचून दाखवतं.

म्हणून सभेच्या आठवडाभर आधी दोन्ही बाजूंच्या दोघा-दोघांना घेऊन बसा आणि ही मोळी सोडा. पहिले दोन प्रश्न सभेत आणूच नका. त्यांची उत्तरं आधी काढा, एका पानावर लिहा, दोन्ही बाजूंना दाखवा आणि ते पान सभेत वाटा. जे मोजता येतं त्यावर मत मागवणं हा वेळेचा अपव्यय आहे. शिवाय 'दोन्ही बाजू ऐकू या' म्हणत मोजलेल्या आकड्यासमोर ऐकीव आकडा ठेवला, तर समतोल साधल्याचा नुसता भास होतो. सभेसाठी ठेवायचे ते मूल्यांचे आणि मानाचे प्रश्न, आणि तेही याच क्रमाने चालतील असं नाही. मानाचा प्रश्न बोलून मोकळा झाला नाही तर मूल्यांवर कोणी ऐकूनच घेत नाही.

आता प्रश्नाचं वाक्य. 'शाळेत प्रार्थना असावी का?' हे वाक्य वाईट आहे, कारण त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं आणि ते येणाऱ्याच्या खिशात आधीपासून असतं. 'शाळांवर धर्म लादणं थांबवायचं कसं?' हे त्याहून वाईट. त्यात एक बाजू हरूनच आत येते. 'वेगवेगळ्या श्रद्धेची आणि श्रद्धा नसलेली मुलं एकत्र शिकतात अशा शाळेचा दिवस कसा सुरू व्हावा?' हे चालेल. कसोटी सोपी आहे. वाक्य दोन्ही बाजूंच्या सर्वांत कडव्या माणसाला दाखवा आणि विचारा, 'यात तुमची बाजू आधीच पडलेली दिसते का?' दोघांकडून 'नाही' येईपर्यंत वाक्य बदलत राहा. यात चार-पाच मसुदे जातात, आणि ते जाऊ द्यावेत.

कोणाला बोलवायचं

दोन बाजू असतील तर दोन्हीकडची माणसं सारख्या संख्येने बोलवा. अमेरिकेत २०१६ च्या निवडणुकीनंतर सुरू झालेल्या 'ब्रेव्हर एंजल्स' या संस्थेच्या कार्यशाळा याच तत्त्वावर चालतात: दोन्ही पक्षांकडे झुकलेले लोक समसमान. समाजात एक बाजू छोटी असली तरी टेबलावर तिची तीन माणसं तरी हवीत. एकच असेल तर तो आपोआप आपल्या सगळ्या समाजाचा वकील होतो. प्रत्येक बातमीचा, प्रत्येक टोकाच्या माणसाचा खुलासा त्याच्याकडे मागितला जातो. तिघं असले की त्यांच्यातही मतभेद आहेत हे बाकीच्यांना दिसतं, आणि हे दिसणं सभेच्या फार कामाचं असतं.

धर्मगुरू, पक्षाचे पदाधिकारी, संघटनांचे प्रवक्ते यांना बोलवायचं का? बोलवा, पण टेबलावर बसवू नका. संस्थेच्या वतीने बोलणाऱ्याला जाहीरपणे एक पाऊलही मागे घेता येत नाही, तो त्याचा दोष नव्हे. त्यांना सुरुवातीला भूमिका मांडायला वेळ द्या, प्रश्नांना उत्तरं द्यायला लावा, मग टेबलांचं काम सामान्य सदस्यांवर सोडा. आयर्लंडच्या नागरिक सभेने हेच केलं. ९९ नागरिक लोकसंख्येचं प्रतिबिंब पडेल अशा बेताने, कोणाच्या शिफारशीविना निवडले गेले आणि न्यायमूर्ती मेरी लॅफॉय अध्यक्ष होत्या. तज्ज्ञ आणि दोन्ही बाजूंचे पुरस्कर्ते समोर येऊन बोलून गेले. चर्चा मात्र नागरिकांनी गोल टेबलांवर, संचालक आणि टिपणं घेणाऱ्यासह केली. नोव्हेंबर २०१६ ते एप्रिल २०१७ या काळात गर्भपाताच्या घटनात्मक बंदीवर त्यांनी पाच शनिवार-रविवार घालवले आणि मतदान गुप्त ठेवलं. कॅथलिक श्रद्धेचा इतका खोल ठसा असलेल्या देशात हा विषय हातात धरायला राजकारणी कचरत असत. मे २०१८ मधल्या सार्वमतात ६६.४ टक्क्यांनी बंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला. निकाल आवडो न आवडो, कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे.

बसवताना समोरासमोर दोन रांगा करू नका. गोल टेबल, एकाआड एक बाजू. नवरा-बायको, जिवलग मित्र, एकाच संघटनेचे लोक यांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवा. शेजारी ओळखीचं कोणी असलं की माणूस त्याच्यासाठी बोलतो.

नियम आणि शब्द

नियम पाचाच्या वर नकोत. एका वेळी एकच बोलेल. प्रत्येकजण स्वतःपुरतं बोलेल, 'आमचे लोक' किंवा 'तुमचे लोक' म्हणणार नाही. दुसऱ्याच्या हेतूवर बोलणार नाही. दुसऱ्याचा धर्मग्रंथ त्याच्यावर उगारणार नाही. आणि इथे ऐकलेलं बाहेर सांगताना कोण बोललं ते सांगणार नाही. हा शेवटचा नियम लंडनच्या चॅटहॅम हाउस या आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या अभ्यास संस्थेत १९२७ पासून त्या नावाने चालत आला आहे. फोन बंद करून पिशवीत गेले नाहीत तर त्याला अर्थ उरत नाही.

चौथ्या नियमावर सगळ्यांत जास्त तक्रार येते, तरी तो सोडू नका. माझ्या ग्रंथातलं वचन मला काय सांगतं हे मी सांगू शकतो. तुमच्या ग्रंथातलं वचन काढून 'हे बघा, तुमच्यातच लिहिलंय' म्हणालो की तुम्ही त्या क्षणी माझ्याशी बोलणं थांबवता आणि आपल्या परंपरेचा बचाव सुरू करता. त्या वचनाचा अर्थ तुमच्या घरात चारशे वर्षं कसा लावला गेला हे मला ठाऊक नसतं, आणि मी ते ऐकायला वचन काढलेलंही नसतं.

नियम भिंतीवर लावून भागत नाही. मोठ्याने वाचा आणि प्रत्येकाला विचारा, 'यातला कोणता नियम तुम्हाला जड जाईल?' उत्तर देणाऱ्याने नियम जणू स्वतःच्या तोंडाने मान्य केलेला असतो. पुढे तो मोडला की संचालकाला एवढंच म्हणता येतं: 'तुम्ही मघाशी म्हणालात ना, हा नियम जड जाईल म्हणून?'

शब्दांचा करारही इथेच करा. वादातल्या मुख्य गोष्टींना दोन्ही बाजूंची नावं वेगळी असतात आणि नावातच निकाल दडलेला असतो. बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये ३० डिसेंबर १९९४ रोजी गर्भपात करणाऱ्या दोन दवाखान्यांवर गोळीबार झाला, दोन स्त्रिया मारल्या गेल्या. त्यानंतर गर्भपाताच्या बाजूच्या तीन आणि विरोधातल्या तीन अशा सहा स्त्री नेत्या गुपचूप भेटू लागल्या. संचालन एका संवाद संस्थेकडे होतं. पोटातल्या जिवाला काय म्हणायचं यावरच त्या अडल्या. एका बाजूला 'न जन्मलेलं बाळ' म्हणायचं होतं, दुसरीला ते मान्य होणं शक्य नव्हतं. शेवटी 'मानवी गर्भ' यावर थांबल्या. दोघींनाही तो शब्द आवडला नाही, दोघींना सोसण्याजोगा होता. चार भेटींचा बेत होता. भेटी पाच वर्षांहून अधिक चालल्या, आणि जानेवारी २००१ मध्ये सहाही जणींनी एकत्र सही करून वृत्तपत्रात लेख लिहिला. त्यात त्यांनी नोंदवलं की एकमेकींचा आदर वाढला आणि स्वतःची मतं आणखी पक्की झाली.

तुमच्या सभेत असे दोन-तीन शब्द आधीच हेरा आणि सोसण्याजोगा पर्याय फळ्यावर लिहा. सगळ्यांना आवडणारा शब्द शोधत बसलात तर अडीच तास तिथेच संपतील. आणि संयोजक म्हणून स्वतःचं यश कशात मोजणार हेही इथेच ठरवून टाका. मतं बदलतील ही अपेक्षा ठेवलीत तर चांगली सभाही फसल्यासारखी वाटेल.

पहिली फेरी: वाद नको

नियमांना १५ मिनिटं गेली. आता पहिली फेरी २० मिनिटांची. प्रत्येकाला दोन मिनिटं, घड्याळ सगळ्यांना दिसेल असं. प्रश्न ठरलेला: 'या विषयाने तुमच्या आयुष्याला कधी आणि कसा हात लावला?' मत विचारायचं नाही, अनुभव विचारायचा. कोणी उत्तर द्यायचं नाही, मान डोलवायची नाही, 'पण' म्हणायचं नाही. ज्याला बोलायचं नसेल त्याने 'पुढे' म्हणावं. फेरी संपल्यावर त्याला एकदा परत विचारा.

दोन मिनिटं कमी वाटतात, पण तीन दिली की तिसरं मिनिट भाषणात जातं. संचालकाने दीड मिनिटाला बोट वर करावं आणि दोन मिनिटांना वाक्य पूर्ण होऊ देऊन थांबवावं. पहिल्याच माणसाला, तो वयाने किंवा मानाने कितीही मोठा असो, वेळेवर थांबवा. त्याला मोकळं सोडलं की पुढच्या सातांना थांबवण्याचा अधिकार गेला. सुरुवात कोणापासून करायची हेही ठरवून ठेवा: सर्वांत जास्त बोलणाऱ्यापासून कधीच नाही.

दुसरी फेरी प्रश्नांची, ३० मिनिटं. इथे फक्त असे प्रश्न चालतील ज्यांचं उत्तर विचारणाऱ्याला खरोखर माहीत नाही. 'मग तुम्हाला बायकांना घरात कोंडायचंय का?' हा प्रश्नचिन्ह लावलेला आरोप आहे. संचालकाने न रागावता म्हणावं, 'यात तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय?' निम्म्या वेळा खरा प्रश्न बाहेर येतो. उरलेल्या निम्म्या वेळा विचारणारा स्वतःच 'जाऊ द्या' म्हणतो.

ऐकलेलं परत सांगणं

दहा मिनिटं विश्रांती, मग २५ मिनिटं जोड्यांचं काम. विरुद्ध बाजूच्या दोघांची जोडी. एकाने आपलं म्हणणं मांडायचं, दुसऱ्याने ते अशा शब्दांत परत सांगायचं की पहिला म्हणेल, 'हो, हेच.' तोवर दुसऱ्याला स्वतःचं मत मांडता येत नाही. ही पद्धत अनातोल रापोपोर्ट या गणितज्ञाच्या नावावर सांगितली जाते. वाचायला सोपी, करायला फार जड.

समजा एकजण म्हणाला: 'शाळेतली प्रार्थना बंद झाली तर माझ्या मुलाला वाटेल की घरी जे पवित्र आहे त्याची बाहेर लाज वाटायला हवी.'

समोरचा म्हणतो, 'म्हणजे तुम्हाला तुमचा धर्म सगळ्यांवर हवाय.' हा विपर्यास सरळ दिसतो, संचालक लगेच थांबवतो. अवघड जातं ते दुसरं उत्तर: 'म्हणजे तुम्हाला प्रार्थना चालू राहायला हवी आहे.' चूक काहीच नाही, पण यात मागणी आली आणि कारण गळालं. बोलणारा 'हो' म्हणतो आणि तरी त्याचं तोंड उतरतं. जमलेलं उत्तर असं असतं: 'प्रार्थना जाईल यापेक्षा मुलगा आपली श्रद्धा लपवायला शिकेल, याची तुम्हाला जास्त काळजी आहे. बरोबर का?'

आता उलट बाजू. 'माझी मुलगी प्रार्थनेच्या वेळी रोज नुसती उभी असते. तिला कोणी काही म्हणत नाही. पण अख्ख्या वर्गाला ते दिसतं.' यावर 'कोणी काही म्हणत नाही ना, मग झालं!' हे उत्तर ठरलेलं. जमलेलं उत्तर: 'सक्ती नसली तरी रोज वेगळं दिसावं लागणं हाच तिच्यावरचा भार आहे, असं तुम्ही म्हणताय.'

ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. दोन्ही पालक एकाच गोष्टीला घाबरलेले आहेत: आपलं मूल शाळेत अंग चोरून उभं राहील. हे त्यांना संचालकाने सांगायचं नाही. टिपणं घेणाऱ्याने दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहावीत आणि गप्प बसावं.

परत सांगायला तीन प्रयत्न द्या. तिसऱ्यालाही 'हेच' आलं नाही तर बोलणाऱ्याने स्वतःच एका वाक्यात सांगावं आणि पुढे जावं. पोपटपंचीही चालवून घेऊ नका; तेच शब्द परत म्हटले तर 'तुमच्या शब्दांत' म्हणून थांबवा.

श्रद्धेचं कारण आणि सर्वांवरचा नियम

इथे थोडा विचारांचा पाया लागतो. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचं म्हणणं होतं की सार्वजनिक चर्चेत धार्मिक कारण जरूर आणा, पण सर्वांवर बंधनकारक नियम मागत असाल तर त्या श्रद्धेबाहेरच्यालाही पटू शकेल असं कारण यथावकाश द्या. जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास यांनी यावर बोट ठेवलं: हा बोजा एकट्या श्रद्धाळूवर का? धार्मिक भाषेतलं म्हणणं सर्वांच्या भाषेत आणण्याचं काम अश्रद्ध नागरिकांनीही वाटून घ्यावं.

सभेत याचं रूप साधं आहे. 'माझी श्रद्धा मला असं सांगते' हे वाक्य नेहमीच चालेल. ते माणूस कुठून बोलतोय ते कळवतं. 'म्हणून सर्वांनी असं करावं' हे वाक्य आलं की संचालकाने विचारायचं, 'ही श्रद्धा नसलेल्या माणसाला तुम्ही काय सांगाल?' उत्तर सुचलं नाही तर टेबलावरच्या विरुद्ध बाजूच्या माणसाने मदत करावी. आठवड्याच्या एका सुट्टीचं उदाहरण पुरेसं आहे. उगम धर्मात, पण 'कामगाराला सात दिवसांत एक दिवस आपल्या माणसांसोबत मिळावा' हे कारण कोणालाही समजतं. हीच तपासणी दुसऱ्या बाजूलाही लावा. 'माणसाची प्रतिष्ठा', 'स्वातंत्र्य' ही विधानंही कोणी प्रयोगशाळेत सिद्ध केलेली नाहीत. 'ती तुम्ही कशावरून मानता?' हा प्रश्न नास्तिकालाही तितकाच रास्त आहे, आणि तो विचारला गेला की श्रद्धाळू माणसाचे खांदे जरा सैल होतात.

धोका एकच: दुसरं कारण मुखवटा असू शकतं. अलाबामा राज्याने शाळांत 'चिंतन किंवा ऐच्छिक प्रार्थने'साठी एक मिनिट शांततेचा कायदा केला होता. मांडणाऱ्या आमदारानेच हेतू प्रार्थना परत आणण्याचा होता असं सांगितलं, आणि १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. सभेत याची कसोटी अशी: 'हे दुसरं कारण उद्या खोटं ठरलं तर तुमची मागणी बदलेल का?' 'नाही' असं उत्तर आलं तरी हरकत नाही, पण मग चर्चा पहिल्या कारणावरच करावी लागेल हे सगळ्यांना कळतं.

शब्दांची जुळणी करून काही प्रश्न मतदानापासून वाचवताही येतात. भारताच्या संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. पूर्णिमा बॅनर्जी यांनी विनवलं की ईश्वरावर मत द्यायच्या पेचात आम्हाला टाकू नका. कामत ठाम राहिले, मतदान झालं, बाजूने ४१ आणि विरोधात ६८. स्वतः श्रद्धाळू असलेल्यांनीही विरोध केला. याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे नमुने मात्र दुहेरी आहेत: 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. पद तेच, जबाबदारी तीच, आणि कोणाला हात वर करून हरावं लागत नाही. एखाद्या मुद्द्यावर मत घ्यायची पाळी आली की आधी विचारा: इथे दोन दारं ठेवता येतील का?

समान मूल्यं: किंमत विचारा

आता ३५ मिनिटं. 'आपली समान मूल्यं सांगा' असं विचारलंत तर शांतता, समता, बंधुता ही यादी दोन मिनिटांत फळ्यावर येते आणि तिचा काडीचा उपयोग होत नाही. त्या शब्दांना विरोध करणारा कोणी भेटतच नाही.

त्याऐवजी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. वरच्या ओळीत या विषयात महत्त्वाचं वाटणारं एक मूल्य. खालच्या ओळीत त्या मूल्यासाठी आपल्या बाजूने काय सोसावं किंवा सोडावं हे. 'कोणावर सक्ती नको' असं लिहिणाऱ्याने खाली लिहायला हवं की मग आपली प्रार्थनाही ऐच्छिक होईल, आणि कदाचित निम्मा वर्ग ती म्हणणार नाही. खालची ओळ कोरी असलेल्या चिठ्ठ्या बाजूला ठेवा, फाडू नका. सभा संपल्यावर त्या माणसाशी बोला. खालची ओळ भरलेल्या चिठ्ठ्या नाव न घेता वाचा. दोन्ही बाजूंनी किंमत लिहिलेलं मूल्य एखाद-दुसरंच निघतं. एक निघालं तरी पुष्कळ.

मग त्यावर बाजू उलटून बघा. तुम्ही मागताय तोच नियम, तुमच्या श्रद्धेची मुलं दहा टक्के आहेत अशा शाळेत चालेल? भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८६ मध्ये केरळातल्या तीन मुलांचा खटला आला होता. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची ही मुलं राष्ट्रगीताला अदबीने उभी राहत, पण श्रद्धेमुळे म्हणत नसत, म्हणून शाळेने काढली होती. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. हे प्रकरण टेबलावर ठेवा. बाकीच्या वेळी सक्तीच्या बाजूचे आणि विरोधातले ठरलेल्या जागी बसतात. इथे जागा बदलतात, आणि आपला नियम आपण नेमका कोणासाठी मागत होतो हे ज्याचं त्याला दिसतं.

बिघडतं कुठे

'माझ्या भावना दुखावल्या.' हे वाक्य आलं की घाबरलेला संचालक विषयच बंद करतो. तसं करू नका. तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिघींचा इलाज वेगळा. समजुतीवर टीका झाली असेल तर ती ऐकावी लागेल, फक्त कारण मागा. माणसावर किंवा त्याच्या समाजावर शेरा मारला असेल तर थांबवा, वाक्य परत वेगळ्या शब्दांत मांडायला लावा. धमकी असेल तर बोलणाऱ्याला सभेतून बाहेर काढा, दुसरी संधी नाही. धमकीला 'गैरसमज' म्हणून सोडून दिलं की धमकावला गेलेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

'तेव्हा तुम्ही कुठे होता?' जुन्या दंगली, जुने अपमान, जुनी फाळणी. हे दाबून टाकायचं नाही आणि त्यात बुडायचंही नाही. एक वेगळा फळा ठेवा, वर्ष आणि घटना बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहा, आणि त्यासाठी पुढची वेगळी सभा लावा. तारीख लगेच लिहा. तारखेविना 'नंतर बोलू' हे कोणाला पटत नाही.

सभ्यतेचा हत्यार म्हणून वापर हा सगळ्यांत हुशार बिघाड. 'आवाज खाली घ्या' हे ज्याचं नुकसान झालंय त्यालाच वारंवार सांगितलं जातं. ज्याला काही गमवायचं नाही तो आयताच शांत असतो. एप्रिल १९६३ मध्ये अलाबामातल्या आठ धर्मगुरूंनी वर्णभेदाविरुद्धच्या निदर्शनांना अवेळी ठरवून संयमाचा सल्ला दिला, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांना उत्तर लिहिलं. दोन्ही बाजूंना धर्मोपदेशकच होते. संचालकाने आवाजाची पट्टी मोजू नये, पाच नियम मोजावेत. चढ्या आवाजात बोलणाऱ्याने नियम पाळला असेल तर त्याला बोलू द्या. मऊ आवाजात हेतूवर चिखल उडवणाऱ्याला थांबवा.

आणि काही वेळा सभा घेऊच नये. त्या भागात हिंसा नुकतीच झाली असेल आणि घरी परतताना कोणाला धोका असेल तर नको. एका बाजूची नोकरी किंवा घर दुसऱ्या बाजूच्या हातात असेल तर नको. आणि एखाद्या समाजाने देशात राहावं की नाही हाच विषय असेल तर मुळीच नको. स्वतःच्या नागरिकत्वावर चर्चा करायला कोणालाही टेबलावर बसवू नये.

कागद

शेवटची १५ मिनिटं लिहिलेलं वाचण्याची. तीन रकाने: कशावर एकमत झालं, कशावर मतभेद कायम आहे पण एकमेकांचं कारण समजलं, आणि कोणती माहिती अजून काढायची, ती कोण काढणार आणि कधीपर्यंत. मधला रकाना सर्वांत लांब निघतो, त्याने खट्टू होऊ नका. मतभेदाचं वाक्य लिहिताना दोन्ही बाजूंनी ते मान्य करायला हवं; 'त्यांना प्रगती नको आहे' असं लिहिलं की सगळं काम पाण्यात. कागद मोठ्याने वाचा, दुरुस्त्या तिथेच करा, आणि सगळे उठण्याआधी प्रत्येकाच्या हातात प्रत द्या. दोन दिवसांनी पाठवतो म्हटलं तर तोवर चार वेगवेगळे वृत्तांत फिरू लागलेले असतात.

कोणाचं वाक्य नावासकट बाहेर गेलंच, तर आधी ज्याचं वाक्य आहे त्याला फोन करा, मग विरुद्ध बाजूच्या दोघांना, आणि सगळ्यात शेवटी ज्याने बाहेर नेलं त्याला. जाहीर खुलासा काढायचा झाला तर त्यावर दोन्ही बाजूंच्या एकेकाची सही हवी. एका बाजूची सही मिळत नसेल तर खुलासा काढू नका. कागदावरचे तीन रकाने जसेच्या तसे प्रसिद्ध करा.